धूळ समजून बुजवलेला ठिपका

वेधशाळेत सरांनी आपल्या विद्यार्थिनीची खुर्ची मागून अशी खेचली, की ती टेबलाला धरून कशीबशी सावरली.

"पूस तो ठिपका!"

"नाही पुसणार."

पडद्यावर आपल्या आकाशगंगेशेजारची दीर्घिका होती. मधोमध उजेडाचा गोळा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. शंभरएक वर्षांपूर्वी नेमका तिथेच एक तारा फुटला होता. त्याचे अवशेष शोधण्यात सरांची उभी हयात गेली. ते उजेड शोधत होते. काळोख शोधायचा असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"कॅमेऱ्यावरची धूळ आहे ती! कालची पोर तू, मला धूळ दाखवतेस?"

"दुर्बीण जरा हलवली, तर धूळ कॅमेऱ्यात जागच्या जागी राहते, सर. हा ठिपका दीर्घिकेबरोबर सरकला. फुटलेल्या ताऱ्यातलं लोखंड मागचा उजेड गिळतंय."

इथे थांबली असती तर निभावलं असतं. पण तिची जीभ थांबली नाही.

"तुमच्या जुन्या फोटोंतही आहे. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम दर वेळी धूळ समजून बुजवत आलाय."

सरांनी टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचललं आणि फेकलं. बाजूचा मॉनिटर फुटला. एक कपची तिच्या भुवईत घुसली. तेवढ्यावर भागलं नाही. कीबोर्ड वायरीसकट उपटून ते तिच्यावर धावून गेले. दुर्बिणीचा तंत्रज्ञ आवाज ऐकून पळत आला आणि त्याने त्यांना मागून कवेत आवळलं.

"अहो सर! डोकं फिरलंय का? मारून टाकाल पोरीला!"

सरांनी लाथ झाडली. ती तंत्रज्ञाच्या नडगीवर बसली. दुसरी झाडताना त्यांची नजर शाबूत राहिलेल्या पडद्यावर गेली आणि पाय तसाच खाली आला.

"ठिपक्याची कड कशी आहे?" त्यांना धाप लागली होती, पण प्रश्न तोंडी परीक्षेतला असावा तसा.

"गोल." तिच्या गालावरून रक्त ओघळत होतं. "सगळीकडून सारखी."

"पसरण्याचा वेग मंदावलाय?"

"नाही, सर. तारा फुटला त्या दिवशी होता, जवळजवळ तेवढाच. वाटेत अडवणारं काही भेटलेलंच नाही."

सरांनी हातातला कीबोर्ड खाली टाकला.

"सोड रे मला," ते हळूच म्हणाले.

तंत्रज्ञाने तिच्या भुवईकडे पाहिलं आणि मिठी आणखी घट्ट केली.