एक रेघ, दोन रेघा

भक्तनिवासाच्या खोलीत कीर्तनकार इंदुमावशींनी मंजुषासमोर गोळ्यांचं पाकीट धरलं. "आजपासून घे. पाळी सप्ताह संपल्यावर येईल. नाहीतर माझ्या कीर्तनाला पेटीवर कोण बसणार?"

मंजुषानं पाकीट घेतलंच नाही. "मावशी, पाळीच चुकलीय. आठवडा झाला."

मावशींनी दार लावून घेतलं. मुलाचं नाव विचारलं नाही. "संबंध येऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानातली ती गोळी घेतली होती. वाटलं, सुटले."

"त्या गोळीनं पाळी पुढेमागे होते गं. पण कधीकधी गोळी लागू पडतही नाही. तपासल्याशिवाय कसं कळणार?"

मावशी स्वतःच दुकानात गेल्या. दुकानदार आधी त्यांच्या पाया पडला, मग गर्भचाचणीची पट्टी मागताच त्यानं ती घाईघाईनं कागदात गुंडाळून दिली.

पट्टीवर थेंब टाकले आणि मंजुषानं तोंड फिरवलं. बाहेर मंडपात तबला सुरात लावणं चाललं होतं. "तुम्हीच बघा. लग्नाआधी असं काही... बाबा मला घरात घेणार नाहीत."

मावशींनी पट्टी हातानं झाकली. "बघायच्या आधी सांगते. रेघा दोन आल्या, तरी डॉक्टरकडे मी सोबत येईन. बाबांशी मी बोलेन. आणि पाच वाजता पेटीवर तूच बसशील. कळलं?"

मंजुषानं डोळे मिटूनच मान हलवली.

चष्मा लावून मावशींनी पट्टी उजेडात धरली. "एकच आहे."

मंजुषा भिंतीला टेकून खाली बसली. हुंदके आवरेनात.

"रड मनसोक्त," मावशी शेजारी बसल्या. "पाच वाजले तर वाजू देत. देव थांबेल."