मिनिटाला सहा लिटर

शामरावांनी नटाला पाना लावला, पण फिरवला नाही.

"पप्पा, सहा वाजून गेले," स्वप्ना म्हणाली. "साडेसहाला साहेब येणार आहेत फोटो काढायला. तोवर हे बंद नको का व्हायला?"

"थांब नं जरा."

त्यांनी पाना काढला, फडक्याने पुसला आणि पुन्हा लावला. पाना आधीच स्वच्छ होता. स्वप्ना दोनदा टाकीला चक्कर मारून आली, दोनदा मोबाइलवर वेळ पाहिली. जून महिन्यात जयपूरचं ऊन सहालाच डोक्यावर चढायला बघतं, त्यात या माणसाची ही रीत.

रेल्वे कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागचा हा व्हॉल्व्ह चार वर्षं गळत होता. अजनीहून बदली होऊन शामराव इथे आले, तेव्हापासून कॉलनीच्या पाण्याचे फिटर तेच. म्हणजे दोष कुणाचा, हे काही वेगळं शोधायला नको होतं.

पर्यावरण सप्ताहाच्या निबंध स्पर्धेला विषय होता 'माझ्या परिसरातली समस्या आणि उपाय'. बाकीच्या मुलांनी घरबसल्या ध्रुवावरचं बर्फ वितळवलं. दहावीतल्या स्वप्नाने मात्र हा व्हॉल्व्ह निवडला. नऊ दिवस भर दुपारी ती कानात इअरफोन घालून इथे यायची, धारेखाली बादली धरायची आणि सेकंद मोजायची. मिनिटाला सहा लिटर. दिवसाला आठ हजार सहाशे चाळीस. 'हे पाणी भिंतीखालच्या भोकातून पलीकडे वाया जाते,' असं तिने हिंदीत लिहिलं. त्याच्या पुढचं वाक्य लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं. 'यामागे संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा आहे.'

निबंध पहिला आला. साहेबांनी तो स्वतः वाचला आणि गळती ताबडतोब बंद करायचा हुकूम निघाला. तो हुकूम अर्थातच संबंधित कर्मचाऱ्याच्या हातात पडला.

शामरावांनीही निबंध वाचला होता. चष्मा लावून, सावकाश, शेवटपर्यंत. "गणित बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि कागद परत दिला. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर स्वप्नाला भांडता तरी आलं असतं. आईला विचारलं तर तीही पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाण्याच्या बाबतीत तुझे पप्पा कुणाचं ऐकत नाहीत." झालं. विषय संपला.

स्वप्नाला कळत नव्हतं ते वेगळंच. पप्पा आळशी नव्हते. कुणाचा नळ टपकतोय म्हटलं की ताट बाजूला सारून उठणारा माणूस. आणि याच एका गळतीला त्यांनी पत्र्याची पन्हळ लावून दिली होती. दर रविवारी झाडू घेऊन यायचे आणि भिंतीपर्यंतची सिमेंटची नाली घासून लख्ख करायचे. गळती थांबवायची सोडून तिचे लाड चालले होते. कॉलनीतली मुलं हसायची. तिला लाज वाटायची, आणि आपल्या बापाची लाज वाटते म्हणून रडूही यायचं. आज व्हॉल्व्ह बंद झाला की हे सगळं एकदाचं संपणार होतं. साहेबांच्या शेजारी पप्पा फोटोत उभे राहणार होते. कुणी काही बोलू शकणार नव्हतं.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "मतलब, तुम्हाला येत नाही का हे काम?"

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. शामरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून पाना फिरवला.

धार बारीक झाली. अजून एक फेरा. धारेचे थेंब झाले. तिसऱ्या फेऱ्याला थेंबही थांबले. नालीतलं उरलंसुरलं पाणी भोकातून पलीकडे गेलं आणि लख्ख सिमेंट उघडं पडलं.

मिनिटभराचंसुद्धा काम नव्हतं. यासाठी चार वर्षं? स्वप्नाच्या डोक्यात तिडीक गेली. तरी तिने मोबाइल वर धरला. कोरड्या व्हॉल्व्हचा एक फोटो तिला स्वतःसाठी हवा होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी ठण्‌कन वाजलं. मग आणखी एकदा. बायकांचा गलका ऐकू आला. भिंत दीड पुरुष उंच, वर काचा रोवलेल्या. पलीकडे काय आहे, हे बघायची वेळ स्वप्नावर कधी आलीच नव्हती.

ती गुडघ्यांवर बसली आणि भोकाला डोळा लावला. समोर एक ओला हंडा होता, अर्धाच भरलेला. त्याच्यामागे घागरी, तेलाचे डबे, बाळाच्या अंघोळीचा एक टब, जिथवर नजर पोचत होती तिथवर रांगेने मांडलेले. मधून मधून अनवाणी पावलं. कुणीतरी खाली वाकलं. भोकातून आवाज आला, शामरावांशी अगदी रोजची ओळख असल्यासारखा.

"बाबूजी, आज पानी क्यों रुक गया? अभी तो आठ घर बाकी हैं।"

स्वप्नाने मान वळवून वर पाहिलं.

शामरावांनी पाना तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "मला चार वर्षांत जमलं नाही."