पेढे कशाचे

भूगर्भशास्त्र विभागाच्या स्टाफरूममध्ये कुंभोजकर मॅडमनी पेढ्यांचा बॉक्स उघडला, तरी कुणी मान वर केली नाही. पेढे तिथे दर आठवड्याला असायचे. विभागाचा सूचनाफलक आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर यायचा आणि ज्याची निवड नक्की होणार, त्यालाच ती संधी दाखवायचा. बाकीच्या जाहिराती कुणाच्या नजरेसही पडत नसत.

"या वेळी काय मिळालं?" विभागप्रमुख तांबोळी सरांनी पेढा उचलत विचारलं.

"अंटार्क्टिकाच्या मोहिमेला अर्ज केला होता, सर. माझ्या फलकावर नव्हतीच ती जाहिरात. रत्नागिरीच्या कॉलेजातही असाच फलक आहे, तिथल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर दिसली."

"मग, कधी निघताय?"

"निघत नाही. नकार आला."

सरांचा हात तोंडापाशीच थांबला. हा फलक आल्यापासून विभागात कुणालाच नकार आला नव्हता.

"मग हे पेढे कशाचे?"

"त्यांनी माझा प्रस्ताव खरंच वाचलाय हो. पानभर चुका काढल्यात. बर्फाखालच्या खडकांतलं मला ओ की ठो कळत नाही, असं सरळ लिहिलंय." मॅडम खुशीत होत्या. "इतकी वर्षं मी तोच आपला काळा बेसाल्ट घासतेय आणि शाबासकी घेतेय. आता अभ्यासाला बसलेय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार."

सरांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि खुर्ची जरा जवळ ओढली.

"त्या मैत्रिणीला विचाराल का," ते हळूच म्हणाले, "माझ्या आवाक्याबाहेरचं काही आहे का तिच्याकडे?"