शेवटचा नमुना

सुरतेजवळच्या पलसाण्यात कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये उभे आयुष्य वेचलेले सुकदेव पत्नी पुष्पाबाईंसह दिवंगत लेकीच्या प्रयोगशाळेत आले. लेकीच्या सहाध्यायी चेतनने तिच्या हातचा अखेरचा नमुना यंत्राखाली ठेवला. दोन इवल्या आरशांमध्ये सेंद्रिय रंगाचा अतिसूक्ष्म थर होता. “काका, लेझर पडला की प्रकाश आणि रंग एकजीव होतात, सारे कण एकाच लयीत उजळतात. याला क्वांटम संघनन म्हणतात.” “‘बाबा, एकदा दाखवीन,’ म्हणायची ती. तू दाखव,” सुकदेव म्हणाले. चेतन अडखळला. “प्रत्येक वेळी थोडा रंग जळतो, काका. हा थर आता एकदाच उजळेल. मग तिच्या हातचं काहीच उरणार नाही.” सुकदेवांनी डोळे पुसून मान डोलावली. चेतनचे बोट लेझरच्या बटणावर गेले, तोच पुष्पाबाईंनी ते धरले आणि नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, “नको लावू, भाऊ. पोरले एकदाव अग्नी दिधा यास्नी. आते परत नको.”