कानाची पारख

रेकॉर्डवर सुई टेकली आणि बाबांनी डोळे मिटले. दुकानात नेहमीची टाळकी जमली होती. पैज दुकानदाराने लावली होती. वाजतंय ते मेटल संगीत कुठल्या प्रकारचं हे ओळखलं, तर काउंटरमागची खुर्ची बाबांची. रोज यायचं, रोज बसायचं. नाही ओळखलं, तर घरी आराम.

रेकॉर्डचं हे दुकान बाबांनीच त्याला चालवायला दिलं होतं. कानही त्यांनीच दिला होता, पिळून पिळून.

गिटार पाय ओढत सरकत होती. मग गायकाचा आवाज आला.

“डेथ-डूम,” बाबा म्हणाले. “चाल बघ, खांद्यावर प्रेत असल्यासारखी. ती डूमची. आणि गुरगुर पोटातून येतेय, ती डेथची. एवढंच होय रे, गाढवा?”

बरोबर होतं. शेजारी उभ्या लेकीनेही मनात तेच म्हटलं होतं.

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. सकाळी तिनेच त्याला फोन केला होता. “ते काहीही म्हणोत, तू चूक म्हण. रोज त्यांना आणायचं, न्यायचं, मला नाही झेपत.” त्यालाही ते हवंच होतं. बाबा गिऱ्हाइकांना तोंडावर बहिरे म्हणत.

“चुकलात, काका. ब्लॅक मेटल आहे.”

“ब्लॅक? अरे, ब्लॅकवाला किंचाळतो. सुरी लागल्यासारखा.”

“मग किंचाळतोयच की. काय रे?” दुकानदाराने टाळक्यांना विचारलं.

“कानठळ्या बसल्या,” एक जण म्हणाला.

“काका, आता अंगाईगीतं ऐका तुम्ही,” दुसरा म्हणाला. दुकान खिदळलं.

बाबांनी वाकून स्पीकरला कान लावला. बराच वेळ ते तसेच राहिले. मग लेकीकडे वळले.

“तू सांग. तू नाही खोटं बोलायचीस.”

गायक गुरगुरत होता, खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

“किंचाळतोय, बाबा.”

“असं?” त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. “असेल. असेल, बाई.”

गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“घे. उगाच बॅटरी खातात.”

ती काहीतरी बोलली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने मूठ मिटली, तशी आत ती यंत्रं बारीक शीळ घालू लागली. बाबा शांतपणे काचेबाहेर बघत होते.