चौथा रकाना

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या मांडीवरच्या लाल ठिपक्यांवर काचेची पट्टी टेकवली आणि दाबली. ठिपके फिकट झाले. पट्टी उचलताच पुन्हा लाल.

"मार लागल्याचं नाही ना?" आईने तिसऱ्यांदा विचारलं. "चिमटा वगैरे?" खुर्चीमागे मुलीची आत्या उभी होती. आईने मान तिकडे वळवली नाही.

"नाही हो. तसं असतं तर रक्त कातडीत सांडलं असतं. ते दाबून फिकं होत नाही. या बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात. क्वचितच दिसतं असं, पण धोका नाही. मोठेपणी तिला नकोसे वाटले तर लेझरने घालवता येतील. कधीपासून आहेत?"

आईने सवयीने वही पुढे केली आणि लगेच पस्तावली. ती गोदामात मालाची मोजदाद ठेवते. माल घटला की तो कोणाच्या पाळीत घटला ते आधी शोधायचं, म्हणजे माणूस आपोआप सापडतो, हा तिथला नियम. तोच तिने घरी लावला होता. तारीख. ठिपके. मांडीवर पेनाने आखलेल्या कडेबाहेर किती. आणि चौथा रकाना, घरी कोण.

"वा! आमचे शिकाऊ डॉक्टरसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत." बाई कौतुकाने मोठ्याने वाचू लागल्या. "तीन तारीख, एकवीस, दोन बाहेर, आत्या. नऊ तारीख, सव्वीस, पाच बाहेर, आत्या. सोळा तारीख, एकोणतीस, सहा बाहेर, आत्या." त्या थांबल्या. "आणि इथे एकदम त्रेचाळीस. इथे शेवटचा रकाना कोरा का?"

आईने टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"तेव्हा आत्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती," मुलगी म्हणाली. "आईने आठवडाभर सुट्टी काढली होती."

बाईंनी वही मिटून परत दिली आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या.

तिघी बाहेर फुटपाथवर आल्या. सिग्नल लाल होता.

"ताई," आई म्हणाली, "सोमवारपासूनचं ते पाळणाघर मी रद्द करते. तुमची दगदग होते म्हणून ठरवलं होतं."

"हो ना. माझ्या गुडघ्यांची किती काळजी तुला."

"तुम्ही पूर्वीसारखं सांभाळाल ना तिला?"

"बघू."

सिग्नल हिरवा झाला. मुलीने न बघताच आत्याच्या बाजूला हात पुढे केला. आत्याने पिशवी त्या बाजूच्या हातात घेतली.

"आईचा धर," ती म्हणाली.