उसना चेहरा

लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत राहिला, आणि रोहिणीचा प्रश्न खोलीत शिरलेल्या पाखरासारखा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिला.

प्रश्न साधा होता. सासऱ्यांनी पाच मिनिटे कॅमेऱ्यासमोर बसावे. खाते त्यांच्या नावावर निघेल, काम ती करील.

"माझा चेहरा नको," अखेर जनूबाबा म्हणाले.

"का नको?" हर्षद दाराला टेकून उभा होता. "चेहरा दाखवायचाय, बाबा. शेत लिहून द्यायचं नाय."

जनूबाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. खाडीच्या पाण्यावर दुपारचे ऊन पत्र्यासारखे पसरले होते.

हर्षदचे डोलवीच्या पोलाद कारखान्यातले कंत्राट गणपतीनंतर संपले. तेव्हापासून नवराबायको एका परदेशी वेबसाइटवर बारीकसारीक कामे करीत होते: छायाचित्रांतल्या गाड्यांभोवती चौकटी आखणे, कुणाचे तरी बोलणे ऐकून ते टंकणे. एकाच लॅपटॉपवर दोन माणसे काम करतात, हे तिकडच्या कुठल्याशा अदृश्य डोळ्याने टिपले आणि दोघांचीही खाती कायमची बंद झाली. रोहिणीने सासऱ्यांच्या नावाने त्या वेबसाइटची परीक्षा पुन्हा दिली, उत्तीर्णही झाली. आता उरला होता तो आधार कार्डाशी जुळवायचा चेहरा. आज मंजुरी मिळाली तर काम. नाहीतर सोमवारी हर्षद जामनगरच्या रिफायनरीत, शटडाऊनच्या दुरुस्तीकामावर, पावसाळ्यापर्यंत. रोहिणीला सातवा महिना लागला होता.

"घरात आणखी कोण असतं तर तुम्हाला तरास दिला नसता," हर्षद म्हणाला. "सुरभी..."

नाव मध्येच गळून पडले. चार वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीने रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या परजातीच्या मुलाशी लग्न केले. ती नेसत्या वस्त्रानिशी गेली. तिचे आधार कार्ड, मार्कशीट, सारे याच घराच्या कपाटात कुलूपबंद राहिले. त्या दिवशी जनूबाबांनी उंबऱ्यात उभे राहून सांगितले होते: या घरातले कोणी तिचे तोंड पाहणार नाही; जो पाहील, त्याने पुन्हा माझे पाहू नये. हर्षदने तिचा नंबरसुद्धा फोनमधून पुसून टाकला होता. त्या रात्री तो जेवला नव्हता, एवढेच.

जनूबाबांची नजर खिडकीवरून सुनेकडे आली, तिच्या पोटावर क्षणभर थांबली आणि खाली गेली.

"चेहरा एकदा दिला," त्यांनी हळूच विचारले, "की परत घेता येतो काय गो?"

"चेहरा म्हंजे काय कोयता हाय?" हर्षद हसला. "शेजारी दिला आन संध्याकाळी मागून आणला!"

रोहिणीलाही हसू आले. जनूबाबांना आले नाही. ते उठले, उजेड तोंडावर पडेल अशी खुर्ची फिरवली, चष्मा काढून खिशात घातला आणि ताठ बसले.

"चष्मा काढायचा, ते कसं ओळखलंत बाबा?"

"दर मंगळवारी रोह्याला डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसतात ना," हर्षदच बोलला. "पक्के तयार झालेत."

रोहिणीने बटण दाबले. पडद्यावर एक वर्तुळ उमटले आणि त्यात तो उन्हाने रापलेला चेहरा बसला. खाली सूचना आली. मान डावीकडे, असे ती वाचून दाखवणार, तोवर मान डावीकडे वळली होती. मग उजवीकडे. मग पापण्या मिटल्या, उघडल्या. वर्तुळ हिरवे झाले.

"आयला!" हर्षद पुटपुटला. "माझं तोंड तीनदा परत पाठवलं होतं यांनी."

आता पडद्यावर एक चाक फिरू लागले. ते फिरत होते तोवर तिघांपैकी कोणी जागचे हलले नाही. रोहिणीच्या पोटात बाळाने ढुशी दिली. तिने तिथे तळवा ठेवला, पण नजर काढली नाही. जनूबाबांच्या कपाळावर घाम आला होता.

"काय म्हणतो गो?" हर्षदने विचारले.

"थांबा जरा."

चाक थांबले. पडदा लाल झाला. इंग्रजी मजकूर ती सावकाश, मराठी करीत वाचू लागली.

"हा चेहरा आमच्याकडं आधीच मंजूर आहे..."

"आधीच? कसा काय?"

"एका माणसाला एकच खातं. नियम मोडला म्हणून दोन्ही खाती आजपासून बंद. पहिल्या खातेदाराला तसं मेलवर कळवलंय."

"दोन्ही?" जनूबाबा खुर्चीतून अर्धे उठले. "जुनंपण?"

"व्हय बाबा. जुनं..."

ती थबकली. हर्षदही थबकला. मग तो पुढे झाला आणि बायकोच्या खांद्यावरून वाकून त्याने पडदा पाहिला. मेलचा पत्ता चांदण्यांच्या रांगेने झाकला होता. सुरुवातीची अक्षरे तेवढी उघडी होती: सुरभी.

जनूबाबा दारापाशी पोचले होते. चपला पायात जात नव्हत्या.

"बाबा."

हर्षदच्या आवाजात राग नव्हता. रोहिणीने हा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. आठदहा वर्षांच्या पोराचा असावा, तसा तो होता.

"तिच्याकडंच निघालात ना? मी पण येऊ?"

जनूबाबांनी चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी, मागे न पाहता, ते बांधावरून चालू लागले.